मत्र्याला, शेवटच्या शुक्रवारी

बावीस वर्षं जेनोव्हेवाने हे शहर पाहिलं
ते रुग्णवाहिकेच्या मागच्या काचेतून, उलटं:
आधी मशीद लहान होत जाणारी, मग बंदर, मग डोंगर.
"परवा सुटते गं. एकदा पुढून दाखव."
म्हणून आज आम्ही दोघी पर्यटक,
डोक्याला उन्हाच्या टोप्या, बाटलीत कोकमाचं पाणी.

टॅक्सीवाला शेहदाद, बलुची. आजा ग्वादरहून आला म्हणतो,
तेव्हा ग्वादरही इथलंच होतं.
आरशातून विचारतो, केरळ?
नर्स म्हटली की केरळ.
"रेवदंड्याच्या खाडीपलीकडे," जेनोव्हेवा सांगते,
जणू तो चौल नाक्यावरच गाडी लावून उभा आहे.

समुद्राकडे तोंड केलेल्या पांढऱ्या माड्या, लाकडी सज्जे,
आणि मधे तो दरवाजा, आत लवातियांची आळी.
परक्याने आत जायचं नाही.
बाकावर दोन म्हातारे सिंधीसारखं काहीतरी बोलत होते;
मधूनच एक शब्द आमच्या ओळखीचा निघाला
आणि हाक मारायच्या आत गर्दीत गेला.

बाजारात हलव्याचा सालमीन. आई झांझिबारची.
पोऱ्याला शिव्या स्वाहिलीत, गिऱ्हाइकाला मस्का अरबीत,
हिशेब मात्र कच्छीत,
कारण आकडे शिकला तो एका भाटियाच्या गादीशी.
आम्हाला म्हणाला, "चाखा, चाखा,"
आणि केशराने माखलेलं बोट स्वतःच चाटलं.

किल्ल्यावर तिकीट. जेनोव्हेवा हसतच सुटली:
"आमच्या कोर्लईच्या गडावर शेळ्या फुकट जातात!"
चढ संपला तेव्हा मात्र गप्प.
भिंतीला तीन बोटं लावली,
नाडी बघतात तशी.
चुना. खाली दगड, ऊन प्यायलेला.
"तेच हात," म्हणाली. "इथून हाकलले, मग आमच्याकडून हाकलले.
निघायच्या घाईत भिंती विसरले.
आणि आम्हाला."

तिच्या घरी अजून बोलतात ती फिरंगी बोली,
एका गावात मावेल एवढी.
पेशंटवर ती मराठीत रागावते,
त्या बोलीत फक्त आईशी बोलते, आणि आई जाऊन सहा वर्षं झाली.
मी काय बोलणार? माझ्याही तोंडात
त्यांची चार भांडी राहिली आहेत:
बादली, घमेलं, परवाच घेतलेला पगार.
परत न्यायला कोणी आलं नाही.

खाली उतरून तिने लोबान घेतला, अर्धा किलो.
हिरवट तो खायचा, पिवळा तो जाळायचा.
"पिवळाच दे, देवळासाठी." ती चर्चला देऊळच म्हणते.
"नाताळला फादर सांगतील, पूर्वेच्या राजांनी आणला तो हाच.
मी मागच्या बाकावरून सांगेन,
राजे कुठले, वजनात मारला मेल्याने."

परतताना शेहदादने पैसे घेतले, पण सुटे परत केले नाहीत.
अंधार पडला. दोन्ही बुरुजांवर दिवे लागले,
आणि तिने पर्समधून काढून माझ्या हातावर ठेवली
क्वार्टरची किल्ली.
"उद्या ऑफिसात देशील ना ही चावी?"
देईन म्हटलं.
मूठ उघडली नाही बराच वेळ.
हाताला लोबानाचा वास, आणि लोखंडाचा.