दोन टिंबं

लॅमिंग्टन रोडवर हुसैनीभाईंच्या मुलाने
कार्ट्रिजचे पितळी दात खोडरबराने घासून दिले,
म्हणाला, चाललं तर चाललं, पैसे नंतर.
टीव्ही भंगारातून आणला, पाठीला कुबड असलेला.
आताच्या सपाट टीव्हीला
ती अँटेनाची वायर कुठे खुपसायची तेच कळेना.

कन्नमवार नगर, इमारत एकशे बारा.
दारावर बिल्डरच्या माणसाने खडूने आकडा टाकलाय,
पुढच्या महिन्यात खोली रिकामी करायची.
आणि मी, पंचेचाळीस वर्षांचा, लोकांचे जीएसटी भरणारा,
फरशीवर मांडी घालून
चॅनल तीनवरच्या मुंग्या बघतोय.

मग मुंग्या बसल्या.
गाव आलं. अकरा घरं, एक विहीर,
विहिरीपाशी तो म्हातारा.

त्र्याण्णवमध्ये तो काय बोलतो ते कळायचं नाही.
अख्खा गेम जपानीत.
मी आणि वरच्या मजल्यावरची सुहासिनी मोकल,
आम्ही अंदाजाने संसार केला:
कोयत्यासारखं अक्षर म्हणजे मार,
वाकडी शेपटी म्हणजे औषध,
आणि ज्यात छोटं घर दिसतं ते, पळ.
हिरोचं नाव चार बटणं कशीही दाबून ठेवलं.
म्हातारा दर वेळी एकच लांब वाक्य बोलायचा
आणि आमची खात्री, खजिना त्या वाक्यातच आहे.
सुहासिनी तर पडद्याला नमस्कार करायची.

गेम साठवायची सोय नव्हती.
बंद करण्याआधी तो बावन्न अक्षरं मांडायचा:
उद्या हीच आणून द्या, जग परत देतो.
आम्ही उतरवायचो. चुकायचो.
रोज पुन्हा पहिलं गाव, हातात लाकडी काठी.

एका रात्री बाबा दुसरी पाळी करून आले.
परळच्या छापखान्यात खिळे जुळवायचे,
नखांत शिसं.
चप्पल न काढताच वही ओढून घेतली.
"तुम्हाला वाचता येतं हे?"
"वाचायचं कशाला? बघायचं."
गुजराती पत्रिका, कानडी पंचांग,
एक अक्षर न कळता जुळवलेली आयुष्यभर.
पाढ्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर
ओळीला तेरा, चार ओळी, पट्टी लावल्यासारख्या.
त्यानंतर आमचं जग कधी हरवलं नाही.

पंचाण्णवला ऑफसेट आलं.
छापखान्याला कुलूप लागलं त्याच मे महिन्यात
सुहासिनी उरणला गेली.
आम्ही गेम संपवलाच नाही.

आता फोन पडद्यासमोर धरला की मराठी उमटतं.
मी आधी विहिरीवर गेलो.
म्हातारा म्हणाला:
थंडी पडायला लागली. अंगावर काहीतरी घे.
एवढंच.
तीस वर्षं एवढंच म्हणत होता.

मग वही उघडली. बावन्न अक्षरं भरली.
नकाराचा भोंगा. पुन्हा भरली. भोंगा.
तिसऱ्यांदाही तेच.
म्हटलं, बाबाही चुकले असतील एखाद्या वेळी.

बाबा खाटेवरून बघत होते.
वय ऐंशी, मोतीबिंदू काढलेला,
कान यंत्रांनी कधीच नेलेले.
उठले. भिंग एकदा वहीवर फिरवलं,
मग काचेवर टेकवलं.
"तिसरी ओळ, सातवं. दोन टिंबं खाल्लीस."

होती. अक्षराच्या खांद्यावर, बारीक.
मी ती माशीची घाण समजलो होतो.

काळ्यातून सावकाश एक धर्मशाळा आली,
दारात आमचा हिरो. फोन म्हणतो नुहेमोको,
अर्थ काही नाही.
सतराव्या पातळीचा, खिशात नऊ नाणी,
जिथे सोडला होता तिथेच पाय हलवत उभा.

"हा आता काय करतो?" बाबांनी विचारलं.
"चालतो," मी ओरडून सांगितलं.
"मग चालव की."
आणि पुन्हा खाटेवर टेकत,
"पेन्सिलीला टोक करून ठेव.
झोपायच्या आधी लागेल."