उलटे आकडे

गावातली बेकरी मार्चमध्ये बंद पडली.
तेव्हापासून पाव ताकुआरेंबोहून बसने यायचा,
प्लास्टिकच्या पिशवीत घामेजलेला.
ऑक्टोबरपर्यंत मी तो मुकाट खाल्ला.
मग कुदळ काढली.

रामिरो म्हणाला, ओतिलिया, विटा आण,
चाळीस वर्षं गवंडीकाम केलंय,
दोन दिवसांत उभी करतो भट्टी.
मी म्हटलं, विटांना पैसे पडतात,
माती आपल्याच बागेत लोळतेय.
भाऊ हसला. माते चोखत ओंबूच्या सावलीत बसला,
जणू तिकीट काढून आलाय.

ओल्या वाळूचा ढीग थापून थापून मी त्याचं पोट गोल केलं,
त्यावर भिजवलेलं वर्तमानपत्र, त्यावर चिखल.
चिखल अनवाणी तुडवला,
गोळा वळून खांद्याच्या उंचीवरून टाकून पाहिला:
फुटला नाही, पसरला नाही, थपकन बसला.
मला वाटलं, झालं.

माझ्या खड्ड्यातला चिखल आणखी एक जोडपं नेत होतं.
तांबूस पाठ, ऐटीची चाल,
इकडे त्या पक्ष्याचं नावच होर्नेरो, भट्टीवाला.
चोचीत मावेल तेवढाच घास उचलायचा
आणि विजेच्या खांबावर नेऊन लिंपायचा.
म्हणतात, रविवारी तो कामाला हात लावत नाही.
मी रविवारीही लावला.

आठव्या दिवशी माझा घुमट
माथ्यापासून बुडापर्यंत तडकला.
खांबावरच्याला चरासुद्धा नाही.

रामिरो काही बोलला नाही.
गुरांच्या कुंपणावर गेल्या सालचं एक घरटं रिकामं होतं,
त्याच्या भिंतीचा टवका काढून त्याने चष्म्याजवळ धरला,
नखाने खरवडला, हुंगला,
चाळीस वर्षांच्या गवंड्याने.
दुसऱ्या सकाळी माझ्या पायरीशी दोन बादल्या:
एकीत घोड्याची लीद,
एकीत बोटभर तोडलेलं वाळकं गवत.
चिठ्ठी नाही. त्याला लिहायचा कंटाळा.

दुसरा चिखल आम्ही चार पायांनी तुडवला.
तो पाणी जास्त म्हणायचा, मी कमी.
त्याचे गुडघे वाजत होते.

पाचव्या दिवशी दार कापलं.
वाळू हातांनीच उपसली, हळूहळू,
झोपलेल्याच्या उशीखालून किल्ल्या काढाव्यात तशी.
सगळी निघाली,
आणि नुसती पोकळी उभी राहिली, पडली नाही.

रामिरोने बॅटरी घेऊन आत डोकं घातलं.
बराच वेळ बाहेर येईना.
कागद सोलवटून लोंबत होता
आणि छतावर शाई उतरली होती:
लॉटरीचा निकाल, उलटा.
सात! दोन! नऊ! तो आतूनच ओरडला,
आवाज विहिरीतून आल्यासारखा. लिही!
आकडे पहिल्याच जाळात गेले.
तो अजून दर शनिवारी ते लावतो, उलटेच.
एकदाही लागलेले नाहीत.

भट्टीत हात घालून आठपर्यंत मोजता आलं
की पाव सारायचा, असं बेकरीवाली एर्सिलिया सांगायची.
रामिरोने तीनलाच हात ओढला
आणि म्हणाला, तयार आहे.
बूड कोळसा, पोट कच्चं.
बूड त्याने करणीने खरवडलं,
कडेकडेचं आम्ही उभ्या उभ्या खाल्लं,
मीठ विसरलेलं दोघांच्याही लक्षात आलं,
कुणी काढलं नाही.

खांबावर आता पिल्लं कलकलाट करतायत.
त्यांच्या दाराच्या आत मातीचा एक आडवा पडदा आहे,
वारा सरळ आत घुसू नये म्हणून.
रामिरो माते निवेपर्यंत तोच पडदा बघत बसलाय.
उद्या सकाळी माझ्या भट्टीच्या तोंडाशी
कसली तरी भिंत उभी असणार.