दोन दाबा

ऐरोलीत सातव्या मजल्यावर
कपाटाएवढ्या, जाजमाचा वास येणाऱ्या खोलीत
मी फ्रेंच बोलते.
काचेपलीकडून फ्लॉइड अंगठा दाखवतो,
नाहीतर मान हलवतो:
"भाविका, 'दोन' परत घे. नाकातून."

अकरावीला फ्रेंच घेतलं ते मार्कांसाठी.
वाशीच्या कॉलेजात अर्ध्या वर्गाने घेतलं होतं, स्कोरिंग म्हणून.
शंभरात ब्याण्णव,
आणि त्या भाषेत एका माणसाशी एक वाक्य नाही.
आता बोलते, कॅनडातल्या एका छोट्या नगरपालिकेच्या वतीने:
पाणीपट्टी, कुत्र्यांचे परवाने,
रस्त्यावरचा बर्फ कधी उपसणार.
मी बर्फ पाहिलेला आहे तो मासळीबाजारातला.

तिथला कायदा फ्लॉइडने जांभया देत वाचून दाखवला.
सेवा दोन्ही भाषांत.
आणि फ्रेंच कुणाला मागावी लागता कामा नये,
फोन उचलताक्षणी पुढे केलेली असावी.
एवढ्यासाठी कायदा?
आमच्याकडे दारात आलेल्याला
पाणी हवं का, विचारत नाहीत.
तांब्या येतो.

सात महिन्यांत दोन किती जणांनी दाबलं
त्याचा अहवाल मीच करते.
आमचे चाचणीचे कॉल वगळून एकतीस.
त्यातले अठ्ठावीस एकाच नंबरवरून.
दर मंगळवारी, तिथे ऑफिस उघडताना,
म्हणजे थंडीत आपल्याकडे संध्याकाळी साडेसातला.
तो दोन दाबतो.
एकेचाळीस सेकंद ऐकतो, अगदी
"हे पर्याय पुन्हा ऐकण्यासाठी" पर्यंत,
आणि काहीच न दाबता ठेवून देतो.

"यंत्र असेल," फ्लॉइड म्हणाला.
यंत्र मंगळवार चुकवत नाही.
याने जानेवारीत दोन चुकवले.
दुसऱ्या मंगळवारी मी आठपर्यंत बसून होते,
शेवटची बस गेली तरी,
उगाच, माउस हलवत.

आईला हे सांगितलं नाही.
ती गोठिवलीत स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून
गॅसवाल्यांना फोन लावत होती.
मराठीसाठी तिने दोन दाबलं.
इस्त्री केलेली मराठी आली, कुणा बाईची,
"आपला ग्राहक क्रमांक नोंदवा."
आई तिला म्हणाली, "बाय गो, सिलिंडर अजून नाय आला."
ती म्हणाली, "आपला ग्राहक क्रमांक नोंदवा."
आई म्हणाली, "नोंदव ना मग."
तीन वेळा झालं असं.
आमच्या बोलीला बटण नाही, कधी कुणी मागितलंही नाही,
आईनेही नाही.
फोन ठेवून मला विचारते,
"कोनाची गो ती पोर?
कवापासून तेच तेच बोलते.
पानी तरी पेली का?"

मी हसले. मग हसू थांबलं,
कारण तिकडे बर्फात कुणीतरी
मंगळवारी हेच विचारत असेल का,
कोनाची पोर,
नाकातला 'दोन' जरा कच्चा आहे हिचा.

काल मेल आला. ग्राहकाला निवेदन छोटं हवंय,
एकेचाळीसचं एकोणतीस.
स्वागतातला एक शब्द गेला, कुत्रे गेले,
"आपण फोन केलात, आभारी आहोत" गेलं.
कायद्याला एवढं पुरतं, असं त्यांचा वकील म्हणतो.

मी वाचलं. एकोणतीसला संपलं.
फ्लॉइडने अंगठा दाखवला
आणि मी हेडफोन काढला नाही.
बारा सेकंद माइकसमोर तशीच बसले,
श्वास घेत, एकदा आवंढा गिळला तोही आत गेला असणार.
फ्लॉइडने काचेवर टकटक केली.

ते बारा त्याने कापले की नाही, मी विचारलेलं नाही.
नवी फाईल सोमवारी चढते.
मंगळवार परवा आहे.