चौदा फूट

चोर्ल्याच्या तिसऱ्या वळणावर माझ्या मारुतीनं
आधी धूर सोडला, मग जीव.
आठशे, तिसऱ्या हाताची,
निपाणीच्या दातांच्या डॉक्टरकडून घेतलेली,
कवळीसारखीच हलणारी.
टोचन लावून आणली उद्यमबागेत
भरमा मुचंडीकराच्या शेडपुढं.

भरमानं बॉनेट उचललं, बघितलं,
परत अलगद खाली ठेवलं.
इंजिन गेलंय, म्हणाला, दुसरं घालूया.

दुसरं म्हणजे कुठलं, एवढंच मी विचारलं.
चूक माझीच.
संध्याकाळचे सहा, करंट गेलेला,
लेथ गप्प, आणि चहा नुकताच आलेला.

इराण्णा लेथवाला म्हणाला,
पाच टनी टेंपोचं हाय माझ्याकडं. उलटलेल्या.
बसतंय काय?
बसतंय की. बस म्हटलं की बसतंय.
पुढची दोन्ही सीटं काढायची.
मग मी कुठं बसू?
टपावर. वारं लागतंय चांगलं.

दस्तगीर वायरमन म्हणाला, बुलडोझरचं घाला.
गाडी जाग्यावर ऱ्हाईल, रस्ताच मागं सरकंल.
कुणी म्हणालं गिरणीचं,
ऑफिसातनं घरी येस्तोवर दळण तयार.
कुणी चिकोडीकडच्या गुऱ्हाळाचं,
सायलेन्सरखाली घागर धरा, काकवी.
कुणी थेट सांबऱ्यालाच निघालं, विमानाचं आणायला:
अनगोळचं फाटक पडलं तरी थांबायचं काम न्हाई.

मी म्हटलं, आणि पासिंग?
कोल्हापूरच्या भंगारातलं इंजिन,
बेळगावची बॉडी.
चहावाला पोरगा किटली घेऊन उभा होता, म्हणाला,
मग ती गाडी कुणाची म्हणायची ओ?
क्षणभर कुणी बोललं नाही.
तारीख पडलीया, दस्तगीर म्हणाला,
आणि इराण्णाच्या नाकातनं चहा आला.

फक्त भरमा हसत नव्हता.
तो टेप लावत होता.
मागच्या सीटला, डिक्कीला, मग परत सीटला,
कानावरची पेन्सिल काढून भिंतीवर आकडे.
इंजिन गाडीत बसंना, म्हणाला हळूच,
पण गाडी इंजिनाला बसतीया.

सुट्टीच्या दिवशी बोलावलं मला.
येळ्ळूरच्या कुणाच्या तरी पंपाचं डिझेल इंजिन
मागच्या सीटवर बसवलं होतं,
वर माझाच सीटबेल्ट लावून.
हँडल मागच्या काचेतनं बाहेर.
होईल ना रे, मी विचारलं.
आग्तद री, इराण्णा म्हणाला, आणि फिरवलं.

काय सांगू.
चारी दारं आपापली उघडली.
वायपर चालू झाला, ज्याला वायरच नव्हती.
डॅशबोर्डाखालनं कुठनंतरी
डॉक्टरांचा विसरलेला प्लास्टरचा साचा पडला,
वरचे दात, खालचे दात,
आणि फरशीवर कडकड वाजायला लागला.
गाडी निघाली.
पुढं नव्हे, मागंही नव्हे,
खेकड्यासारखी तिरकी, चहाच्या गाड्याकडं,
आत कुणी नसताना,
आणि स्टोव्हपासून वीतभरावर बंद पडली.
पोरगा म्हणाला, किती कप?

भरमानं खडूनं रेघ मारली. टेप लावला.
चौदा फूट.
मग माझ्याकडं बघून, अगदी सरकारी आवाजात,
ॲव्हरेज अजून काढाय पायजे.

आता गाडीत गोकाकच्या एका आठशेचं इंजिन आहे.
शिलाई मशीनसारखं चालतं.
ऑफिस, घर, रविवारी खानापूर,
तक्रार काही नाही.
साचा भरमाच्या फळीवर आहे, प्लगच्या डब्याशेजारी,
आ वासून.
रेघ पण आहे. पोरगं शेड झाडताना
तेवढी सोडून झाडतं.

परवा ऑइल बदलायला गेलो होतो.
काम होऊन पंधरा मिनिटं झाली तरी
तिथंच घुटमळत होतो.
भरमा म्हणाला, आणि काय?
काही नाही, म्हटलं.
ते बुलडोझरचं... साधारण कितीपर्यंत मिळेल?