अडीच गुंजा

सराफ्यातलं दुकान मिटलं तेव्हा
मी फक्त काटा उचलून आणला, पितळी, दोन पारड्यांचा,
आणि गुंजांची एक डबी.
जालना सोन्याचा पालना, म्हणायचे जुने लोक.
पाळण्यात आता लोखंडाच्या भट्ट्या,
आणि त्यांच्या मागं, शेड नंबर बावीस,
पाळीव पाखरांच्या दाण्याचा कारखाना.

पलीकडं मिक्सर घरघरतो: राळं, वरी, करडई.
अलीकडं, दार लावून, पंखा बंद करून
मी तोलतो ते, जे पिशवीत कुणाला दिसत नाही.
मोरचूद, नावातच मोर बसलाय.
जस्त, जे आम्ही डागात घालायचो.
मँगनीज.
आयोडीन, ते नसलं की
लव्हबर्ड म्हणून विकतात त्या बजींचा गळा सुजतो,
दाणा गिळताना मान वर करतात, म्हाताऱ्या माणसासारखी.
आणि सेलेनियम.

टनाला किती, मी पहिल्याच दिवशी विचारलं.
शून्य पॉइंट तीन ग्रॅम, केमिस्ट प्रज्वला टेकाळे म्हणाली.
मी मनात भागाकार केला.
हजार किलोला अडीच गुंजा.
तीन पडल्या तर?
चालतंय, डहाळे काका.
पंचवीस पडल्या तर?
तिनं डोक्यावरची जाळी नीट केली.

गुंज स्वतः विषारी.
आमच्यात पोरांना अक्षराआधी हे शिकवतात:
लाल, काळ्या डोळ्याची,
तोलायची, चावायची नाही.

मागच्या उन्हाळ्यात सेलूहून थर्माकोलचा डबा आला.
बर्फात कॉकाटील. पिवळा तुरा ओला होऊन चिकटलेला.
सोबत आमचीच पिशवी, अर्धी,
आणि वहीचा कागद:
'बॅच ४१७. याचं नाव बादशहा होतं.
आठ दिवस हिरवी शी करत होता, मग दांडीवरून पडला.
तुमच्या दाण्यात काय होतं?
रुमैसा पठाण, नववी ब.'

४१७ वर सही माझी.

परभणीहून रिपोर्ट यायला अकरा दिवस लागले.
अकरा दिवस मी घरी मिठाच्या बरणीला हात लावला नाही.
बायको म्हणायची, भाजीत जरा बघा की किती लागतंय,
मी उठून ओट्यावर जाऊन बसायचो.
झोपेत तो पॉइंट मुंगीसारखा चालायचा,
एक घर इकडं,
एक घर तिकडं.

दाणा बरोबर निघाला. तोळामासा सगळं जिथल्या तिथं.
यकृतात जस्त, भरमसाठ.
ईदीच्या पैशातून पोरीनं नवा पिंजरा घेतला होता,
चकचकीत, जस्ताचा मुलामा दिलेला,
आणि बादशहा दिवसभर चोचीनं तार सोलायचा.

सुटलो, मालक म्हणाले.
मी त्यांच्याबरोबर चहा प्यालो, पण सुटलो नाही.
तेच जस्त.
मी पिशवीत गुंजेच्या मापानं घालतो, नसलं तर पिसं झडतात,
आणि कुणीतरी अख्खा पिंजरा हौदात बुडवून काढतो.

रुमैसाला लिहिलं:
पिंजरा व्हिनेगरनं घास, ताठ ब्रशनं,
पांढरी पूड निघेल, ती अंगणात झटकू नको.
जमलं तर स्टीलचा घे, आमच्या गावात स्टीलला तोटा नाही.
वरून ताकदीचे थेंब पाजू नको, पिशवीत आहे सगळं.
वाचून बघितलं तर प्रत्येक ओळ म्हणत होती, पोरी, तुझंच चुकलं.
फाडलं.
तीनदा फाडलं.
चौथं पोस्टात टाकलं, त्यात एवढंच वाढवलं
की बादशहा हे नाव चांगलं होतं.
उत्तर नाही अजून.

शेडच्या मागं सांडलेल्या दाण्यावर चिमण्या येतात.
झाडूवाली सुंदराबाई त्यांना हाकलत नाही.
त्यांना बॅच नाही, तारीख नाही, सही नाही कुणाची.
त्यातली एक, शेपटीला पीस कमी,
रोज पत्र्याची कड टोचत बसते.
पत्रा नवा आहे, चमकतो.
मी हात हलवतो. ती उडते.
काट्यापाशी येऊन बसतो तोवर
टक टक, परत.