उशीला पैसे नाहीत

काउनासच्या विमानतळावर, तीन नंबरच्या गेटशी,
माझ्या ताब्यात एक लोखंडी चौकट आहे.
बॅग बसली तर बसली,
नाहीतर साठ युरो. त्यातला दीड माझा.

पहाटेपासून लोक बॅगांची चाकं उपटतायत,
जूनमध्ये तीन-तीन कोट चढवून
घामानं निथळतायत,
आणि मी ‘क्षमस्व’ म्हणतेय.
हा शब्द कंपनी फुकट देते, कितीही वापरा.

मग गेनोवाइते आजी आली. ल्यूटनला, लेकीकडे.
बॅगच नाही. पोटाशी धरलेली एक उशी,
फुलाफुलांच्या अभ्र्याची.
उशीला पैसे नाहीत; नियम तिला तोंडपाठ.

मी उशी दाबली.
आत काहीतरी कुरकुरलं.
वास आला, सुक्या अळंब्यांचा,
त्यामागून पाइनखालच्या ओल्या मातीचा.

रांग खोळंबली.
ती चौकटीकडे बघत राहिली,
वाण्याच्या तराजूकडे बघावं तशी.

“झोपायला?” मी विचारलं.
“मान धरते गं.”

मी पास फाडला.

संध्याकाळपर्यंत बोटांना अळंब्यांचा वास होता.
चौकटीलाही लागला असावा.
नंतरच्या दोन बॅगा
चांगल्या फुगलेल्या असूनही
बसल्या.