इतर

सकाळी सहा ते संध्याकाळी सहा
बाणस्तारीच्या पुलाअलीकडे
प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून
मी वाहनं मोजतो.

दुचाकी. मोटार. बस. ट्रक. इतर.
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
तांबड्या भाजीच्या जुड्या बांधाव्यात
तशा मी गाड्या बांधतो.

ठेकेदाराचा माणूस म्हणाला,
आकडा मोठा आला की रस्ता चार पदरी.
आकडा मोठाच येणार,
हे पुलाखालच्या खेकड्यांनाही ठाऊक आहे.
मी बोललो नाही. दिवसाचे सातशे मिळतात.

सव्वासात. कायतानची व्हॅन.
गोणपाटाखाली उंडे, अजून ऊब धरून.
तिकडे म्हार्दोळच्या हॉटेलात पातळभाजी उकळून घट्ट होतेय
आणि हा इथे, एका ट्रकच्या शेपटाशी.
खिडकीतून एक उंडा माझ्या हातात देतो:
"बरय, भट्टींतल्यान भायर काडटना हून आशिल्लो."
मी मोटारीच्या रकान्यात रेघ ओढतो.
ऊब कुठे लिहायची ते छापलेलं नाही.

पावणेआठ. कुंडईच्या कारखान्याची बस.
रोहिदास आता घड्याळ बघत नाही.
अकरा मिनिटं उशीर म्हणजे अर्धा दिवस गेला,
यंत्राला बोट लावायच्या आधीच बोटाला कळतं.
गेल्या महिन्यात चार अर्धे दिवस
या पुलाने खाल्ले.
दोन दिवस, असं तो म्हणत नाही.
चार अर्धे, म्हणतो.

आणि गाड्या थांबल्या की उठते सत्यभामा.
परडीत जायांच्या फांत्या, वर केळीचं ओलं पान.
दोन रांगांमधून चालते, एकाही आरशाला पदर न लावता.
कुठली काच खाली येणार
ते तिला इंजिनाच्या आवाजावरून समजतं.
कोंडी वीस मिनिटांची, तर बारा फांत्या.
चाळीसची, तर परडी रिकामी.
एकदा कुणी बडा माणूस जायचा होता,
दिवसभर रस्ता आरशासारखा.
त्या संध्याकाळी सगळी फुलं देवीला.
"तिका कितें," म्हणाली, "फुकट मेळ्ळीं."

आज दुपारी माझ्या कागदात डोकावली.
"हांव खंय आसां हातूंत?"
तू वाहन नव्हेस, मी म्हटलं.
"व्हांवता तें वाहन मरे?
बारा वर्सां व्हांवतां हांव."
मी पेन्सिलीला टोक काढत बसलो.
टोक होतं तिला.

साडेचारला रुग्णवाहिका.
भोंगा ओरडतोय आणि जागची हलत नाही,
मागच्या काचेतून एक हात दिसतो, सलाईनची बाटली उंच धरलेला.
सत्यभामेने परडी माझ्या पायाशी ठेवली
आणि निघाली.
बॉनेटांवर थापा, बसवाल्याला शिवी,
टेम्पोला गटाराच्या कडेवर चढवलं,
एका पर्यटकाला हिंदीत असं काही सुनावलं
की त्याने गाडी भाताच्या बांधापर्यंत मागे नेली.
पुलापर्यंत फट पडली. पांढरी गाडी गेली.
मग फटीतून सगळेच सुटले,
कोंडी फुटली,
आणि ती परत येईतो विकायला कुणी उरलं नव्हतं.

पान उचलून तिने फुलांवर पाणी शिंपडलं.
मी विचारलं, रस्ता रुंद झाला तर गं?
"जांव," म्हणाली. थोड्या वेळाने,
"पूण खंय तरी रावपाक जाय न्ही मनशान?"
हे तिने स्वतःबद्दल म्हटलं की गाड्यांबद्दल,
कळलं नाही.

सहाला ठेकेदाराचा माणूस आला.
दुचाक्यांची बेरीज बघून खूश.
बोट शेवटच्या रकान्यावर थांबलं.
"इतर दोन? एक रुग्णवाहिका. दुसरं?"

ट्रॅक्टर, मी म्हणालो.

त्याने सही केली.
पलीकडे ती पदराच्या गाठीतली नाणी मोजत होती,
पाचापाचाच्या जुड्या करून.